शेवटची म्हातारी चढेपर्यंत

विमा कंपनीच्या प्रशिक्षण विभागात तिला सगळे स्लाइडबाई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि ते वाचायची वेळ फक्त रोखपालावर यायची. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या कडेला, जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या टाकत, तिथे तिचं टेबल. साहेब लोक भाषणं ठोकायचे आणि त्यांच्या पाठीमागे पडद्यावर जी चित्रं सरकायची ती स्लाइडबाईच्या हातची असायची.

साहेबांची हौस दांडगी. एका स्लाइडवर अख्खा अहवाल कोंबून आणायचे, वर सहा रंग, आणि प्रत्येक ओळ गिरक्या घेतच आली पाहिजे असा हट्ट. ती सगळं ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि मग आपल्याला हवं तेच करायची. गिरक्या काढून टाकायची, सहाचे दोन रंग करायची, आणि कुणी विचारलंच तर सांगायची की यंत्रात तेवढेच रंग शिल्लक होते. साहेब खूश, कारण भाषण संपेपर्यंत निम्मे लोक जागे सापडायचे.

पण तिची खरी करामत होती वेळेची. एखादं चित्र पडद्यावर किती वेळ ठेवावं, हा प्रश्न बाकीच्यांना पडतच नाही. सगळ्या स्लाइडना एकच वेळ लावतात आणि हात झटकतात. ती तसं करत नसे. प्रत्येक स्लाइडसमोर बसायची, बोट फिरवत आणि ओठ हलवत, जाड भिंगाच्या चष्म्यातून कुणी वाचावं तशी सावकाश वाचायची, आणि मगच वेळ ठरवायची. विभागात नव्याने आलेलं कुणी विचारायचं, की चित्र किती सेकंद ठेवायचं. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "शेवटची म्हातारी चढेपर्यंत."

हे बोल तिचे नव्हते, तिच्या नवऱ्याचे होते. ते बस आगारात वेळापत्रकं बनवायचे. घरातल्या घड्याळालाही त्यांचा धाक होता म्हणतात. थांब्यावर गाडी किती वेळ उभी करावी, यावरून वरिष्ठांशी त्यांचं आयुष्यभर वाजलं. वरिष्ठांचं म्हणणं, दार उघडा, दार मिटा, चला पुढे. ह्यांचं म्हणणं, तरणी पोरं काय हो, चालत्या गाडीतही चढतात, थांबायचं असतं ते म्हातारीसाठी. तिचा दुसरा पाय पायरीवर आल्याशिवाय दार मिटायचं नाही. या एका म्हातारीपायी त्यांची बढती दोनदा हुकली, पण गडी हटला नाही.

दोघांची गाठ पडली तीही भांडणातूनच. ती तेव्हा टायपिंग शिकायला जायची आणि तिची बस रोज वेळेआधी सुटायची. एक दिवस ती तरातरा आगारात गेली आणि जो समोर दिसला त्याला फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी थांब्यावर एक सडपातळ माणूस हजर. हातात घड्याळ, गळ्यात आगाराचा कॅमेरा. फायलीसाठी थांब्याचा फोटो हवा होता म्हणे. त्या फोटोत थांब्याचा खांब अर्धाच आला आणि कपाळाला आठी घालून बसच्या वाटेकडे बघणारी ती मात्र पुरती आली. तो फोटो आगाराच्या फायलीत कधी लागलाच नाही.

पुढे कंपनीत फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर आलं आणि स्लाइडबाईचा भाव एकदम वधारला. साहेबांच्या टकलावरची चकाकी, रोखपालाची दुसरी हनुवटी, कुणाच्या गालावरचा जुना व्रण, ती सगळं एका ब्रशाने साफ करायची. निवृत्तीच्या समारंभात त्या माणसाच्या आयुष्याचे फोटो पडद्यावर दाखवत, ते सगळे तिच्याच हाताखालून जायचे. तिच्या टेबलावर गेलेला माणूस परत यायचा तो दहा वर्षांनी तरुण होऊन. लोक फोटोंची पाकिटं घेऊन रांगा लावायचे आणि तिने कुणाला नाही म्हटलं नाही.

मग स्वतःलाच 'नाही' का म्हणावं? घरचा फोटो संगणकात आला की ती आधी आपल्या तोंडावरून ब्रश फिरवायची. डोळ्यांखालचं काळं, ओठांच्या कडेच्या रेघा, कपाळावरची आठी, कानाजवळचे पांढरे केस, सगळं जायचं. नवऱ्याच्या चेहऱ्याला ती हात लावत नसे. पुरुषाला म्हातारपण शोभतं, असं तिचं मत. आणि काम झालं की सेव्हचं बटण दाबायची. निराळ्या नावाने जपून ठेवायचं, मूळ फोटो तसाच राहू द्यायचा, हे ती ऑफिसात सगळ्यांना शिकवायची. घरी मात्र त्याची गरज तिला कधी वाटली नाही. सुरकुत्या कोण जपून ठेवतं?

ते तिच्या खुर्चीमागे उभे राहून बघायचे. "ही कोण? तुझी धाकटी बहीण का?" असं चिडवायचे. एकदा जरा गंभीर होऊन म्हणाले होते की ती आठी तेवढी राहू दे, आठी बघूनच तर मी लग्न केलंय. ती हसली आणि तिने आठी पुसली.

अशा तऱ्हेने बैठकीच्या खोलीची भिंत भरली. लेकीच्या पदवीदानाचा फोटो, समुद्रकिनाऱ्यावरचा वाऱ्यात केस उडालेला, नव्या घराच्या दारातला, लेकीच्या बाळाला मांडीवर घेतलेला. फोटोगणिक नवरा म्हातारा होत गेलेला, लेक मोठी होत गेलेली, आणि मधोमध ती, चाळिशीच्या उंबऱ्यावर जी थबकली ती थबकलीच.

ते निवृत्त झाले, मागोमाग तीही झाली. आता कुठे निवांत बसायचे दिवस आले होते. तर त्यांच्या डोक्यातून आधी वेळा निसटल्या. साऱ्या शहराच्या गाड्या ज्याला तोंडपाठ, तो माणूस दुपारी कोट चढवून सकाळच्या पाळीला निघायला लागला. मग वस्तूंची नावं गेली. चमच्याला 'ते ढवळायचं' म्हणायचे आणि आपलं आपणच हसायचे. डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की हे मागे फिरणारं दुखणं नाही. नवं आधी जाईल आणि जुनं सगळ्यात शेवटी. त्यांना जुने फोटो दाखवत जा, मात्र घाई करू नका, असंही म्हणाल्या.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. ते दारात आले, आणि परक्याच्या घरात शिरल्यासारखे उंबऱ्यावरच थांबले.

"अहो बाई, आमची ही कुठे गेलीय? काही सांगून गेलीय का तुम्हाला?"

तिला आधी थट्टाच वाटली. "अहो, मीच की," ती म्हणाली.

ते ओशाळून हसले. समजूतदार माणूस अडाण्याला समजावतो तसे तिला बाहेरच्या खोलीत घेऊन गेले आणि त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमवर बोट ठेवलं. "ही," ते म्हणाले, "ही माझी बायको."

दुखण्याची तिला कल्पना होती, आज ना उद्या असं काही ऐकावं लागणार हेही ठाऊक होतं. पण भिंतीवरची ती बाई दुखण्याने आणली नव्हती, तिने स्वतः बनवली होती. उठता-बसता त्यांच्या नजरेसमोर तो गुळगुळीत चेहरा होता आणि त्या चेहऱ्याची बाई घरात कुठेच नव्हती. बोलायचं कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

लेक दूरच्या शहरात राहायची. तिला कळलं तेव्हा तिने रोज फोन करायला सुरुवात केली. हे औषध विचारून बघ, ते व्यायाम करून घे, अमक्या ठिकाणी अशा माणसांना दिवसभर सांभाळतात. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, पण तिचंही चुकत नव्हतं. तिचं मूल लहान होतं आणि जीव दोन ठिकाणी अडकला होता. स्लाइडबाई सगळ्याला हो हो म्हणायची. तिच्या मनात मात्र वेगळंच शिजत होतं.

तिने ठरवलं, की त्यांना आपला जुना चेहरा ओळखू येतो ना, मग तिथूनच त्यांना हाताला धरून आणायचं. बसथांब्यावरच्या मुलीपासून सुरुवात करायची आणि एकेक फोटो पुढे सरकत आजच्या बाईपर्यंत पोचायचं. शब्द नाहीत, गिरक्या नाहीत. एक चेहरा विरत असतानाच त्याच्यातून पुढचा वर यावा, इतका सावकाश की बदल झाला कधी ते कळूच नये. चित्रातून चित्रात असं नेणं तिच्या हातचा मळ होता. जन्मभर साहेबांच्या नफ्यातोट्याला जे केलं ते एकदा आपल्या नवऱ्यासाठी करायचं होतं.

तरुणपणचे फोटो कागदावरचे, तेव्हा ब्रशही नव्हता आणि संगणकही नव्हता. ते पटापट लागले. थांबा, लग्न, पहिली भाड्याची खोली, कडेवर लेक, ऑफिसातला पहिला दिवस. घोडं पेंड खाऊ लागलं ते त्यापुढे. चाळिशीनंतरचा जो फोटो उघडावा त्यात तीच गुळगुळीत बाई. आठ-दहा ओळीने लावून चालवून पाहिले, तर पडद्यावर काही हललंच नाही, नुसते कपडे बदलत राहिले. आणि त्यांच्या शेवटी आजचा खरा फोटो लावला, तर पायरी चुकून माणूस धाडकन खाली यावा तशी म्हातारी एकदम पुढ्यात येऊन आदळायची. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या घाई करू नका, आणि इथे वीस वर्षं एका उडीत पार करायची होती.

तिने मूळ फोटो शोधले. जुना संगणक केव्हाच भंगारात गेलेला. लेकीला पाठवलेले होते, पण तेही पुसूनच पाठवलेले. ऑफिसचं ओळखपत्र सापडलं, त्यावरचा फोटो तर तिने खास मन लावून सुधारला होता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. साऱ्या जगाला मूळ प्रत जपायला शिकवणाऱ्या बाईची स्वतःची मूळ प्रत कुठेच उरली नव्हती.

मग तिने जे केलं ते आजवर कुठल्या फोटोवाल्याने केलं नसेल. संगणकाशेजारी हातातला आरसा उभा केला आणि आपल्या सुरकुत्या परत लावायला घेतल्या.

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण चेहऱ्याला तो लागतोच. आज तोंडावर कुठली रेघ कुठे आहे ते आरशात दिसत होतं. ती कधी पडली हे मात्र आरसा सांगेना. सुरकुती पुसायला ब्रशाचा एक फटका पुरतो. लावायची तर ती का पडली ते आठवावं लागतं. ती एकेका फोटोसमोर बसून आठवायला लागली. आठी तर थांब्यापासूनचीच, पण ती खोल गेली लेक तापाने फणफणली होती त्या वर्षी. दवाखान्याच्या बोळात दोघं लाकडी बाकावर बसून होते आणि ते दर थोड्या वेळाने उठून भिंतीवरचं मागे पडलेलं घड्याळ नीट लावत होते. डोळ्यांखालचं काळं आलं आई गेली तेव्हा. आईला पोचवून आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती ऑफिसात गेली होती, साहेबांची वार्षिक सभा होती म्हणून, आणि हसऱ्या माणसांच्या फोटोंना वेळ लावत बसली होती. ओठांच्या कडेच्या रेघा नवऱ्याच्या. ते जेवताना कंडक्टरांच्या नकला करायचे आणि तिला घास गिळता यायचा नाही. डावीकडची रेघ जास्त खोल, कारण पुढचा दात किडल्यापासून ती तोंड वाकडं करून हसायची. गळ्यावरच्या रेघांचं काही आठवेना. गळ्याकडे कोण बघतं? त्या तिने अंदाजाने ओढल्या.

काम करता करता तिला रडू यायचं आणि रागही यायचा. यातली एकही रेघ तिने पडताना पाहिली नव्हती. ती दिसायच्या आतच ब्रश पोचत आला होता. पाहिल्या होत्या त्या फक्त त्यांनी, ताटावर समोरासमोर बसून, इतकी वर्षं.

शेवटचा फोटो तिने सकाळच्या उजेडात स्वतः काढला, अंगातल्या निळ्या स्वेटरसकट. त्याला बोटही लावलं नाही. मग सगळी मालिका लावून वेळ ठरवायला बसली. या खेपेला प्रेक्षक एकच होता आणि तीच शेवटची म्हातारी होती, किंवा म्हातारा म्हणा.

दुपारची जेवणं झाल्यावर तिने पडदे ओढले, टीव्ही संगणकाला जोडला आणि त्यांच्याशेजारी येऊन बसली. थांब्यावरची मुलगी पडद्यावर आली तसे ते खुर्चीत पुढे सरकले.

"रागावलीय बघा," ते खुशीत म्हणाले. "गाडी लवकर सुटते म्हणून रागावलीय माझ्यावर."

मुलगी विरली, तिच्यातून नवरी आली. नवरीतून कडेवर पोर घेतलेली बाई. ते हळूहळू मान डोलवत होते, ओळखीच्या रस्त्याने बस चालली असताना माणूस खिडकीतून एकेक दुकान ओळखतो तसे. पहिली पांढरी बट आली. आठी खोल झाली. डोळ्यांखाली काळं उतरलं. समुद्रावरचा वारा आला आणि गेला. शेवटी निळा स्वेटर आला आणि पडद्यावर थांबला. त्यांनी त्या स्वेटरकडे बघितलं, मग शेजारच्या स्वेटरकडे बघितलं, आणि मग वर तोंडाकडे.

"अगं," ते म्हणाले, "किती थकलीस तू."

ती ढसाढसा रडली. शब्द काही कौतुकाचे नव्हते. पण कित्येक आठवड्यांनी तिला कुणी 'अगं' म्हटलं होतं. ते घाबरले, त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, की ऑफिसात कुणी काही बोललं का.

त्यानंतरचे काही महिने सुखाचे गेले असं म्हटलं तर कुणाला पटायचं नाही, पण तसेच गेले. सकाळी घरात एक भिडस्त पाहुणा असायचा, तो दर वेळी विचारून पाणी घ्यायचा. दुपारी पडदे ओढले की ती थांब्यावरून निघायची, सगळं आयुष्य पार करून खुर्चीशी पोचायची, आणि मग तिचा नवरा घरी यायचा. संध्याकाळी दोघं गॅलरीत बसायची. ते एखादी नक्कल अर्धी करायचे, उरलेली ती करायची. तिने लेकीला फोनवर सांगितलं की बाबा सुधारताहेत.

सुधारत काही नव्हते. ओळख आधी झोपेपर्यंत टिकायची, मग चहापर्यंत टिकायला लागली, मग पडदे उघडेपर्यंत. आणि एके दिवशी ती वाटेतच अडली. समुद्रावरच्या फोटोपर्यंत ते छान आले. त्यापुढचा चेहरा वर यायला लागला तसे त्यांचे डोळे विझले. "ह्या कोण?" त्यांनी विचारलं.

तिला वाटलं, वेळ कमी पडला. म्हातारी चढायच्या आत दार मिटलं, एवढंच. तिने वेळ वाढवला. चेहऱ्यांच्या मधे आणखी चेहरे घातले, रेघा अर्ध्या केल्या, पाव केल्या, एकेक केस मोजून पांढरा केला. सकाळची कामं टाकून ती त्याच नादात बसायची. साहेबांच्या सभांना सुद्धा तिने इतकी मेहनत कधी घेतली नव्हती. पण दर खेपेला ती गाडी समुद्रावर येऊन बंद पडायची, आणि पुढे पुढे तर त्याच्याही अलीकडे.

एका दुपारी तिने सगळ्यात सावकाश मालिका लावली. बदल इतका बारीक होता की तिलाही कळत नव्हता. ते बघत होते. बघता बघता त्यांचा श्वास फुलायला लागला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"थांबवा ते," ते म्हणाले. "काय करताय तिला? पोर आहे हो ती अजून."

ती उठेपर्यंत ते स्वतःच उठले, टीव्हीपुढे गेले आणि त्यांनी दोन्ही तळवे काचेवर धरले. पडद्यावरच्या चेहऱ्यावर त्यांच्या बोटांमधून पांढरे केस येतच राहिले. "तिला म्हातारी करू नका," ते रडत म्हणत होते. "मी हात जोडतो."

तिने वायरच उपटली. मग बराच वेळ त्यांच्याजवळ जमिनीवर बसून राहिली. त्यांनी तिला हात लावू दिला नाही. हे सगळं करणारी बाई तीच होती ना.

स्लाइड लपवायची एक सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये असते. काढून टाकायची नाही, नुसती लपवायची. ती फायलीत जागच्या जागी राहते, तिच्या आकड्यावर एक तिरपी रेघ पडते आणि पडद्यावर ती यायची थांबते. तिने निळ्या स्वेटरची स्लाइड लपवली. पुढच्या आठवड्यात तिच्या आधीची. मग तिच्याही आधीची. जिथे त्यांचे डोळे विझायचे तिथून पुढचं सगळं ती झाकत जायची. ज्या रेघा तिने आठवून आठवून लावल्या होत्या त्या पुन्हा एकदा नाहीशा झाल्या, आणि या वेळी पुसायची हौस तिला नव्हती.

लेक सुट्टी काढून चार दिवस राहायला आली तेव्हा समुद्र गेला होता, ऑफिस गेलं होतं आणि तिला कडेवर घेतलेला फोटो तेवढा शेवटी उरला होता. तिने दुपारचा तो कार्यक्रम बघितला. आई संगणक मिटायला गेली तेव्हा तिरप्या रेघांची ती लांब ओळही तिच्या नजरेस पडली. ती आईजवळ येऊन बसली.

"आई, बाबांना आता याचा उपयोग नाही," ती म्हणाली. "कोणासाठी करतेस तू हे?"

"माझ्यासाठी," आई म्हणाली. "दुसरं कोण आहे मला ओळखणारं?"

लेकीने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग दोघींनी चहा केला. जाताना लेकीने वडलांना नमस्कार केला. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, सावकाश जा, पायरी उंच आहे.

लेक गेली, आणि कडेवरच्या पोरीचा फोटोही काही दिवसांनी लपला. नवरीही गेली. आता थांब्यावरची मुलगी तेवढी राहिली. एकाच चित्राला वेळ कसला लावायचा? तिने वेळच काढून टाकला. बटण दाबेपर्यंत चित्र हलायचं नाही, एवढंच ठेवलं. तरी पडदे ओढायची सवय मोडली नाही. त्या दुपारीही तिने ते ओढले, मुलगी पडद्यावर आणली आणि त्यांच्याशेजारी बसली.

आज ते 'रागावलीय बघा' म्हणाले नाहीत. नुसते बघत राहिले. ती वाट बघत होती. मग तिच्या ध्यानात आलं की आता ही मुलगीही परकी झाली. आणखी मागे न्यायला तिच्याकडे काही नव्हतं. याच्या आधी ते तिला ओळखतच नव्हते.

तिने बटणाकडे हात नेला.

"राहू द्या," ते म्हणाले. "बरं दाखवता तुम्ही. घाई करत नाही."

"अहो, सवय आहे," ती कशीबशी म्हणाली.

"आमची ही पण हेच काम करते." ते तिच्याकडे वळून बोलायला लागले, गाडीत शेजारी बसलेल्या उतारूशी माणूस मोकळेपणाने बोलतो तसे. "मोठ्या कंपनीत आहे. सगळे साहेब तिला विचारून चालतात. तिच्याइतकं कुणाला जमत नाही."

"हो?"

"एकच खोड आहे तिला." त्यांनी हात उचलला आणि बोटाने आपल्या कपाळावर मधोमध उभी रेघ ओढली. "इथे होतं तिचं. ते पुसते. मी म्हटलं होतं तिला, राहू दे म्हणून." त्यांची नजर तिच्या तोंडावर फिरत होती. बोट पुढे आलं आणि तिच्या आठीवर टेकलं. त्यांनी ती रेघ वरून खाली सावकाश चाचपली, मग डाव्या ओठाच्या कडेची चाचपली. "अशीच होती," ते म्हणाले. "अगदी अशीच. छान ठेवलीत तुम्ही."

अंग हललं तर बोट निघेल म्हणून ती श्वासही जपून घेत होती. बोट थोडा वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी ते काढून घेतलं आणि परक्या बाईच्या तोंडाला हात लावल्याची माफी मागितली.

"येईल ना ती?" त्यांनी विचारलं. "उशीर झालाय तिला."

"येईल," ती म्हणाली. "निघालीय."

त्यांनी मान डोलवली आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. थांब्यावरची मुलगी आठी घालून वाटेकडे बघत होती.

"मग तोवर थांबवून ठेवा," ते म्हणाले. "ती आल्याशिवाय सोडू नका."

तिने बटणावरचा हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.